बुवांना पाजलेला लोटा

हे मी बायकोला कधी सांगितलं नाही. तिच्यापासून माझं काही लपून राहत नाही, पण हे राहिलं. ज्या डॉक्टरांकडे मलकापुरात कंपाउंडर म्हणून उभी हयात काढली, त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही आमच्या वडनेरचे नाही आणि तुळशीरामबुवांचं गाणं तुम्ही ऐकलेलं नाही. ऐकलं असतं तर — तर मला तुमच्यापुढे तोंड उघडायला जमलं नसतं.

आधी माझ्या गळ्याचं सांगतो. मला गळा होता. बढाई मारत नाही, होता. वरची पट्टी सहज लागायची, ताल पक्का, शब्द चोख. आमच्या भजनी मंडळात बुवा पुढे चिपळ्या घेऊन उभे राहायचे आणि मी त्यांच्या मागे. बुवांचा आवाज तोवर बसला होता. वर चढताना चिरकायचा, दम अर्ध्या ओळीतच संपायचा. पण त्यांनी तोंड उघडलं की माणसं बिडी ओढायची विसरायची. बाया पदर डोळ्याला लावायच्या. माझी बायकोसुद्धा! आणि माझं गाणं झालं की ती म्हणायची, "बरं झालं आज." बरं — वांग्याच्या भाजीला म्हणतात तसं.

मला गाणं शिकवलं कुणी? बुवांनीच. लहानपणी त्यांच्या ओसरीवर बसून त्यांनी एकेक ओळ माझ्याकडून घोटून घेतली, वर भाकरी खाऊ घातली. मग मला त्यांच्याबद्दल असं का वाटावं? मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की लोक "वा बुवा!" म्हणाले की मला ते सोसायचं नाही. मी टाळ वाजवत हसत राहायचो.

नवीन महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या हिवाळ्यात बुवांना खोकला धरला, झोप येईना. मुलानं त्यांना बैलगाडीतून आमच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी झोपेचं औषध लिहून दिलं आणि मी नेहमीसारखी बाटली भरली, खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवली, एका खाचेइतकं झोपताना घ्या म्हणून सांगितलं. बुवा झोपले ते दोन दिवस उठेनात. तोंडात घास ठेवला तर तो तसाच राहायचा. मुलगा घाबरून पुन्हा घेऊन आला.

डॉक्टरांनी डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं. कावीळ नाही, सूज नाही. मग मला बाजूला घेऊन म्हणाले की चूक आपली आहे, म्हाताऱ्याला तरण्या माणसाचा डोस दिला. वय झालं की लिव्हर लहान होतं, त्यातून रक्त कमी फिरतं. ते बिघडलेलं नसतं, फक्त सावकाश झालेलं असतं. आपल्या कापसाच्या जिनातलं जुनं यंत्र कसं, सरकी तेही काढतं, पण बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. तुमचं-माझं शरीर जे रातोरात निकालात काढतं, ते यांच्या अंगात दोन-तीन दिवस पडून राहतं. औषध असो, दारू असो, नाहीतर भांग.

भांग म्हटल्यावर मी सांगून टाकलं, की महाशिवरात्रीला बुवा लोटाभर पितात. डॉक्टर दचकलेच. "आता घोटभर. तेवढीच. तुम्ही त्यांचे शिष्य आहात ना? नीट समजावून सांगा."

मी हो म्हणालो.

आमच्याकडची रीत अशी होती — शिवरात्रीला महादेवाच्या देवळापुढे भजनाच्या बाऱ्या, म्हणजे सामनेच, व्हायच्या. आसपासच्या गावची मंडळं यायची, दिवसाउजेडी एकापुढे एक उभी राहून गायची. बारीच्या आधी मंडळाच्या म्होरक्यानं दुधात घोटलेल्या भांगेचा पितळी लोटा एका दमात रिकामा करायचा, मग बाकीच्यांनी घोट-घोट प्रसाद घ्यायचा. जो पचवतो आणि तरी शब्द चुकत नाही, तोच बुवा. तरणेपणापासून तुळशीरामबुवा पचवत आले होते. कुणालाही असंच वाटायचं की जे एकदा पचतं ते जन्मभर पचतं. बुवांनाही तसंच वाटायचं. फक्त मला तसं वाटत नव्हतं. मला तर डॉक्टरांनी उभं करून शिकवलं होतं!

मी बुवांना काही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत शिवरात्र आली. विसरलो का? नाही हो. रोज सायकलवरून त्यांच्या घरावरूनच जात होतो.

भांग मीच घोटली. दुपार व्हायला अवकाश होता. लोटा भरून पुढे धरला तेव्हा बुवांनी हात आखडला. डॉक्टरांचं त्यांना काही माहीत नव्हतं, पण अंगानं त्यांना सांगितलं असावं. हळूच म्हणाले, "पल्हाद, यंदा घोटभरच दे रे बाप्पा. खोकल्यानं अंगात दमच नाही राह्यला."

इथं मला थांबता आलं असतं. लोटा खाली ठेवायचा, एवढंच तर होतं. पण समोर अमडापूरचं मंडळ बसलं होतं, गाव बसलं होतं, बायको बसली होती. आणि मी मोठ्यानं म्हणालो — सगळ्यांना ऐकू जाईल असं —

"काऊन बुवा, पचत नाही काय आता?"

कुणीतरी फस्सकन हसलं. बुवांचं तोंड लाल झालं. "आन बे तो लोटा इकडे," म्हणाले, आणि एका दमात रिकामा केला. लोकांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या.

भांग चढायला वेळ घेते. आमची बारी आली तेव्हा ती पुरती चढली होती. ज्या अभंगावर गाव रडायचं तोच बुवांनी उचलला आणि दुसऱ्या ओळीवर अडकले. तीच ओळ पुन्हा. पुन्हा तीच. मग थांबून आमच्याकडे बघायला लागले, आम्ही कोण हे आठवत नसल्यासारखे. अमडापूरवाले हसले, मग आपलेही हसले. मी पुढे झालो, त्यांच्या हातातल्या चिपळ्या काढून घेतल्या आणि अभंग पुरा केला. कधी नव्हे इतका चांगला गायलो. लोक "वा!" म्हणाले. त्या "वा"ची चव किती गोड होती, हे तुम्हाला सांगायची लाज वाटते.

बुवा तीन-चार दिवस भ्रमिष्टासारखे होते. मग उतरली. उतरणारच होती, मला ठाऊक होतं. पण त्यांना कुठं ठाऊक होतं? त्यांना वाटलं आपलं डोकं गेलं, देवानं शब्द काढून घेतले. तेव्हा एवढंच सांगायचं होतं, की बुवा, हे भांगेचं काम, तुमचं डोकं शाबूत आहे. घोटभर घ्या आणि पुढच्या एकादशीला गा. मी सांगितलं का? नाही. ते स्वतः माझ्या घरी आले, मंडळ माझ्या हवाली केलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी वाकून पाया पडलो.

त्यानंतर ते कधी गायले नाहीत. बरीच वर्षं जगले. भजनाला यायचे, मागे भिंतीला टेकून बसायचे आणि नुसत्या टाळ्या वाजवायचे. ओठसुद्धा हलू द्यायचे नाहीत, चुकायची भीती! एकदा त्यांनी मला विचारलंही. "पल्हाद, तू त दवाखान्यातला मानूस. त्या दिवशी मले काय झालं होतं रे?"

"वय झालं, बुवा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "हाव. तसंच असन." माझ्यावर त्यांचा पुरा विश्वास होता.

ते गेले तेव्हा अंत्ययात्रेत मी पुढे होतो, त्यांचाच अभंग गात. नदीपर्यंत सुरात गायलो, एक शब्द चुकलो नाही. मागे सगळं गाव रडत होतं, माझी बायको दारात हुंदके देत उभी होती. मला कळत होतं की यातलं एकही माणूस माझ्या गाण्यानं रडत नाही. आणि खरं सांगतो, तिरडीवर निजलेल्या त्या म्हाताऱ्याचा तेव्हाही मला हेवा वाटला.