शिंपीकाकांचा ढीग

क्लबातल्या पोकरच्या स्पर्धेत पुढ्यात पैशांऐवजी लावायच्या चारच चिप्स उरल्या, की शिंपीकाकांना चेव चढायचा. बरे पत्ते येईपर्यंत दबा धरून बसायचे आणि मग होतं नव्हतं ते पुढे ढकलून समोरच्याला गारद करायचे. पण चिप्सचा ढीग जमला, की काका त्यावर अंडी उबवत बसायचे. आज तर हातातले दोन राजे, म्हणजे जवळपास हुकमी पत्ते, त्यांनी न खेळताच टाकून दिले.

"अहो, एवढा ढीग असताना मोठ्या बोल्या लावून दुसऱ्याला घाबरवायचं असतं!" काकू मागून कुजबुजल्या.

"आणि गेला म्हणजे?" काकांनी ढिगाला कवटाळलं.

दुकानातही तीच तऱ्हा. तुकड्यातून अख्खा शर्ट काढणारा हा माणूस कापडाचा तागा समोर आला, की कात्रीच खाली ठेवायचा.

काकूंनी हात टेकले. सोबत आलेल्या शेजारणीला म्हणाल्या, "चला, चहा घेऊन येऊ. यांना कंगाल होऊ दे, मग बघायला बसू. तेव्हा वाघ असतात हे."