चंद्रकलाबाईंची किनार
तांडापेठेतल्या विणकरांच्या घरात कापडाला नाव लागतं ते मागावर बसणाऱ्या पुरुषाचं. बायका मागासाठी सूत गुंडाळून कांड्या भरतात, गुंता सोडवतात आणि वर चहाही करतात. चंद्रकलाबाईंनी जन्मभर हेच केलं. फक्त एकदा पाटावर रांगोळीने त्यांनी साडीची एक किनार मांडली, करवतीच्या दोन दातांमध्ये जोंधळ्याएवढा ठिपका, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अशी विणून पाहा बरं." किनार गाजली, ती नवऱ्याची, बाबनरावांची म्हणून. बाईंनी तोंडातून ब्र काढला नाही.

पुढे माग विकला गेला, लेक प्रणाली प्रोग्रामर झाली. आईला कॅन्सर निघाला तेव्हा पोरीला राहवेना. तिने त्या किनारीचं, आईबाबांच्या फोटोंचं एक पान कोड एडिटरमध्ये लिहिलं आणि तिथूनच इंटरनेटवर प्रकाशित केलं. त्यासाठी तिने निवडलेली साठवण कुठल्या एका कंपनीच्या ताब्यात नसते. ज्याला हवी त्याने फाइल आपल्या कॉम्प्युटरवर जपायची. कुणीच जपली नाही तर ती नाहीशी होते. म्हणून प्रणाली दारोदार फिरली. चुलतभाऊ चेतनने जपली, लकडगंजातल्या वसंतकाकांनी दुकानातल्या कॉम्प्युटरवर जपली. इतकं कौतुक त्या किनारीच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

मग बाबनरावांनी चष्मा लावून पान वाचलं. "किनार : बाबनराव. कांड्या : चंद्रकला."

"अवं, हे काय लिवलं? थे किनार तुह्या मायनं काढली होती!"

प्रणालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी शिकलेली बाई, पण लिहिताना पेठेचीच सवय हाताला नडली. आईला एका शब्दाने विचारलं नव्हतं. तिने लगेच नाव बदलून पुन्हा प्रकाशित केलं. पण फाइलमधला शब्द बदलला की तिचा पत्ताच नवा होतो, आणि जुनी फाइल जुन्या पत्त्यावर जशीच्या तशी राहते. चुकीची फाइल साऱ्या नात्यागोत्याने जपलेली, खरी मात्र एकट्या प्रणालीकडे. तिने सगळ्यांना नवा पत्ता धाडला. सगळ्यांनी उत्तरादाखल मोबाइलवर अंगठ्याचं चिन्ह पाठवलं आणि विसरून गेले.

दवाखान्यात, बाबांच्या देखत, तिने खरं पान आईला मोबाइलवर दाखवलं. आईने नावावरून बोट फिरवलं. "लोकाइले दिसते का वं?"

"हो आई. सगळ्याइले."

आईच्या तेरवीला चेतनने मोठ्या प्रेमाने टीव्हीवर पान लावलं, जुनंच. "काय हात होता बाबनरावाचा!" म्हणत लोक रडले. प्रणालीने वसंतकाकांना विनवलं, जुनं काढा, नवं ठेवा. काका कळवळले. "गेलेल्या माणसाची आठवन कशी पुसू वं पोरी? पाप लागते."

लोक गेल्यावर बाबनराव लेकीजवळ येऊन बसले. "तू तर मायले म्हटलं होतं ना, सगळ्याइले दिसते म्हणून?"

"खोटं बोलली मी, बाबा."

"जायच्या आदल्या दिवशी तुही माय मले म्हणे, आता माहं नाव लागलं, आता तुमच्यावर राग नाही. तिच्या मनात एवढा राग होता, हे मले तवाच समजलं." त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "मंग तिनं मले माफ केलं, थे खरं धरू का नको?"

प्रणाली नुसती त्यांचा हात धरून रडत राहिली.