गार भाकरीची दोन वर्षं

तळोद्याच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा यजमानांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेही मास्तरच होते. त्यांच्यामागे मी धुळ्याला जाऊन शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा केला, म्हणून नोकरी मिळाली. घरच्यांना ते फारसं रुचलं नव्हतं. आमचं घर तापीकाठचं. काळी जमीन, दोन बैलजोड्या, ज्वारीनं भरलेली पेवं. त्या घरातली सून पायांत चपला घालून पोरींना शिकवायला जाणार, हे थोरल्या दिरांना लाजिरवाणं वाटलं. पण त्यांनी मला थांबवलंही नाही. एक विधवा घरातून कमी होत होती. त्याचं त्यांना वाईट वाटलं असेल असं मला वाटत नाही.

सासूबाई माझ्याबरोबर निघाल्या, हेच सगळ्यांना नवल होतं. माझे यजमान म्हणजे त्यांचा धाकटा मुलगा, त्याच्यावर सासूबाईंचा फार जीव. गाडी जुंपल्यावर त्या आपली वळकटी घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मी धाकलीसंगे जासू." थोरल्या जाऊबाईंनी एकदाच म्हणून पाहिलं, "तठे तुम्हनं कोन करी?" सासूबाई म्हणाल्या, "ती करी." ती म्हणजे मी.

तळोद्यात बाजाराच्या पलीकडे एका गल्लीत आम्हाला एक खोली आणि पडवी मिळाली. शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. पहिले दोन महिने मी अगदी रीतीप्रमाणे चालले. पहाटे आडावरून पाणी, सासूबाईंची आंघोळ-वेणी, मग चूल पेटवून भाकरी, भाजी, तोंडी लावायला काहीतरी. त्यांना मोतीबिंदू होता. डोळ्यांपुढे दूध सांडल्यासारखं दिसतं असं त्या सांगायच्या. त्यांना हाताला धरून परसात न्यावं लागे, परत आणावं लागे. एवढं करून मी पळत शाळेत जायची आणि तरी हजेरी सुरू झालेली असायची. एकदा मुख्य बाईंनी मुलींसमोर माझ्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या पेरांत पीठ वाळून बसलं होतं. त्या म्हणाल्या, "बाई, शाळेत येताना स्वयंपाकघर घरी ठेवून येत चला." मुली हसल्या. मी फळ्याकडे वळले.

त्यातच लढाईमुळे धान्याची टंचाई झाली आणि रेशनकार्डं आली. घरोघर जाऊन माणसं लिहून घ्यायचं काम मास्तरांकडे आणि बायांकडे आलं. संध्याकाळ गेली, रविवारची सकाळही गेली. एखाद्या घरात सात माणसं सांगायचे आणि आत चारच असायची, मग त्यावर वाद. मला आठवतं, अशाच एका वादातून घरी येऊन मी चुलीपुढे बसले आणि फुंकणी हातात धरूनच भिंतीला टेकून झोपले. सासूबाईंनी हाका मारल्या तेव्हा जाग आली. त्या दिवशी आम्ही दोघींनी गूळ आणि फुटाणे खाल्ले.

त्यानंतर मी माझी पद्धत बसवली. आठवड्यातून दोनदाच चूल पेटवायची, रविवारी आणि गुरुवारी. ज्वारीत थोडे उडीद घालून दळायचं. त्याच्या भाकरी जाड थापायच्या आणि तव्यावरून काढल्यावर निखाऱ्यांकडे तोंड करून उभ्या ठेवायच्या, कडक होईपर्यंत. अशा भाकरी दुरडीत फडक्याखाली तीन-चार दिवस टिकतात. खायच्या वेळी एक भाकर मोडायची, कुस्करायची, त्यावर मीठ, लाल तिखट, ठेचलेला लसूण आणि चमचाभर कच्चं तेल. ताक मिळालं तर ताक, नाही मिळालं तर पाणी. कांदा असला तर बुक्कीनं फोडून. भाजीचा वेळ वाचला आणि सरपणही वाचलं. बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या बाया मोळ्या विकायला आणायच्या, ती एक मोळी मला पुष्कळ दिवस पुरू लागली. मला तर ही युक्ती साधल्याचा अभिमानच वाटत होता. माझे दात चांगले होते, वय तिशीच्या आत होतं आणि भूक लागली की मला काहीही गोड लागायचं.

सासूबाईंचे दात गेलेले. त्यांचा कुस्करा मी सकाळी निघण्याआधी पाण्यात भिजत घालून ठेवायची. दुपारपर्यंत तो मऊ व्हायचा, पण गारढोण. त्या चाचपडत वाटी ओढायच्या आणि मी घरी असले तर विचारायच्या, "आज बी थंडीच का?" मी म्हणायची, "माय, आज कामं होती." मग त्या खायला लागायच्या. एकदा मी शाळेत असताना त्यांनी आपणच चूल पेटवायचा प्रयत्न केला. लुगड्याचा पदर पेटला. शेजारच्या माणसानं धावत येऊन घागर ओतली म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मी काड्यांची पेटी बरोबर शाळेत नेऊ लागले. मला त्यात काही चूक दिसली नाही, आजही दिसत नाही.

दुसऱ्या वर्षीची थंडी होती. तिसरीच्या वर्गात मी पाढे घेत होते. एक मुलगी उभी राहिली. वाण्याची मुलगी, बडबडी, मनात काही ठेवायची नाही. म्हणाली, "बाई, काल तुमची सासू आमच्याकडे जेवली. वांग्याची भाजी खाल्ली. माझी आई म्हणते, म्हातारी रडत रडत जेवली."

मी तिला बस म्हटलं आणि पाढा पुढं चालू केला. तेराचा पाढा होता. मी दोनदा चुकले.

घरी येऊन चौकशी केली तेव्हा कळलं, हे एका दिवसाचं नव्हतं. मी शाळेत गेले की सासूबाई भिंतीला हात लावत लावत गल्लीत निघायच्या आणि जिथून चुलीचा वास येईल त्या दारात जाऊन बसायच्या. काही मागायच्या नाहीत. बसायच्या फक्त. कोणत्या घरातली बाई दारातल्या म्हातारीला तसंच बसू देईल? वाण्याच्या घरी, शिंप्याच्या घरी, अगदी टोकाच्या घरी, सगळीकडे त्या जेवल्या होत्या. सगळ्या गल्लीला माहीत होतं. मलाच तेवढं माहीत नव्हतं.

मी त्यांच्यापुढे बसले आणि विचारलं, "माय, मी तुम्हाला उपाशी ठेवते का?"

"नही."

"मग लोकांच्या दारात का बसता?"

मला वाटलं आता गाऱ्हाणी सांगतील, थोरल्या घराचं नाव काढतील, मला शिव्या देतील. त्या एवढंच म्हणाल्या, "ऊन व्हती."

भाकर ऊन होती. गरम होती. एवढंच. त्या उत्तरानं मला जेवढा राग आला तेवढा राग मला नवरा गेला त्या दिवशी देवाचाही आला नव्हता. मी मरमर राबते, पाणी ओढते, यांना हाताला धरून परसात नेते, आणि हे सगळं एका गरम भाकरीपुढे काही नाही. शिवाय उद्या वर्गात आणखी कुणीतरी पोरगी उभी राहणार.

दुसऱ्या दिवशी निघताना मी दाराला बाहेरून कुलूप लावलं.

हे मी लिहिते आहे ते लिहून मोकळं व्हावं म्हणून नाही. मोकळं होता येत नाही. पण जे इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून सांगितलं गेलं, ते एकदा माझ्या हातानं लिहावं असं वाटलं. कुलूप पितळी होतं. बाजारात घेतलं होतं. आत पाण्याचा तांब्या, कुस्करा, मोरीची सोय, सगळं ठेवलेलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी आतून दार हलवलं, तो आवाज मी गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकला. नंतरच्या दिवसांत हलवलं नाही. मी घरी यायची तेव्हा त्या दाराला पाठ लावून बसलेल्या असायच्या, कारण तिथल्या फटीतून ऊन आत यायचं. आम्ही त्या कुलपाबद्दल कधीच बोललो नाही. सहा-सात आठवडे असं चाललं.

एका बाजाराच्या दिवशी मी शाळेतून आले तर दारात बैलगाडी उभी. थोरले दीर पायरीवर बसले होते. दोन वर्षांत ते पहिल्यांदाच आले होते. बैलांचं काहीतरी काम होतं म्हणून तळोद्याला आले, तिथं बाजारात कुणीतरी त्यांना कुलपाचं सांगितलं. ते दुपारपासून त्या पायरीवर बसून बंद दाराआडून आपल्या आईशी बोलत होते. गल्लीतल्या बाया आपापल्या दारांत उभ्या होत्या.

मी डोक्यावर पदर ओढला. आमच्यात सून थोरल्या दिराशी तोंडावर बोलत नाही आणि तोही तिच्याशी बोलत नाही. मी शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांपुढे उभी राहून धडा घ्यायची, पण त्यांच्यापुढे माझा आवाज निघाला नाही. ते माझ्याकडे न बघता दाराकडे तोंड करून म्हणाले, "माय, तिले सांग, कुलूप उघाड."

आतून सासूबाई म्हणाल्या, "उघडी दे व."

किल्ली माझ्या हातात होतीच. कुलूप लवकर निघेना. ते आत गेले. खोलीत त्यांनी सगळीकडे पाहिलं. दुरडीवरचं फडकं काढलं, बुधवार होता, तळाशी दोन भाकरी उरल्या होत्या. एक उचलून त्यांनी तुकडा मोडला आणि चावला. त्यांना तो चावताना त्रास झाला.

"माय, हाई तू रोज खास?"

सासूबाई म्हणाल्या, "ती बी हाईच खास."

मला क्षणभर वाटलं, हा माणूस आता काही बोलेल. दोघींचं कसं काय चाललं आहे ते विचारेल, घरची पेवं भरलेली असताना इथं दाणा का पोचला नाही हे त्याच्या त्याला तरी आठवेल. त्यांनी उरलेली भाकर दुरडीत टाकली आणि म्हणाले, "तिले सांग, मी मायले लई जास."

सासूबाईंनी ते मला सांगितलं नाही. मी ऐकलंच होतं. मी त्यांची वळकटी बांधली, लुगडी घडी करून दिली. त्यांना गाडीत बसवताना हात धरायला गेले तर त्यांच्या मुलानं आधीच त्यांना उचललं होतं. गाडी गेल्यावर गल्लीतल्या बाया आत गेल्या. मी दाराशी उभी राहिले. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी वेळेवर शाळेत पोचले, मुख्य बाईंच्याही आधी.

पुढच्या दिवाळीला मी गावी गेले. सासूबाई अंगानं भरल्या होत्या. जाऊबाई त्यांना ताटात गरम भाकर, वर तुपाची धार देत होत्या, आणि देताना मोठ्यानं म्हणत होत्या, "खा माय, आठे कुलूप नही." तिथं बसलेल्या चुलत सासवा, नणंदा, सगळ्यांना कुलपाची हकीकत पाठ होती. कुलपाचा आकार वाढला होता, दिवस वाढले होते, कुस्करा नाहीसा झाला होता. मी सासूला उपाशी कोंडून ठेवत असे, असं ते आता होतं. आणि आत बसलेल्या त्या म्हातारीनं दुरडीपुढे उच्चारलेलं ते एक वाक्य, ती पण हेच खाते, ते कुणाच्याच सांगण्यात नव्हतं. माझ्याखेरीज ते ऐकणारा एकच माणूस होता आणि तो शेतावर गेला होता.

सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. हातानं माझं मनगट चाचपलं. विचारलं, "तू आते बी तसंच खास का?"

मी म्हटलं, "नाही माय, आता रोज करते."

मी खोटं बोलले. एकटीसाठी रोज चूल कोण पेटवतं? त्यांना ते कळलं असावं. त्यांनी आपल्या ताटातली अर्धी भाकर माझ्या हातात दिली. जाऊबाई बघत होत्या. मी ती परत ताटात ठेवली आणि उठले.

त्या आणखी चार वर्षं जगल्या. मला निरोप आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. दहाव्याला मी गेले, पंगतीत शेवटी बसले. वाढणाऱ्या बायकांपैकी एकीनं दुसरीला मी कोण ते हळूच सांगितलं, तरी मला ऐकू आलं. मी पोटभर जेवले. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून नदीकाठी जाऊन बसले आणि संध्याकाळच्या आत तळोद्याला आले, कारण दुसऱ्या दिवशी परीक्षा होत्या आणि प्रश्न काढायचे राहिले होते.