थिनर हुंगणारा माझा दीर

"हायपोकॅलेमिया," डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे रक्तातलं पोटॅशियम घसरणं. आमच्या महेशचं इतकं घसरलं होतं की पायांतली ताकदच गेली. सकाळी पलंगावरून उठायला गेला आणि धपकन खाली बसला. मला वाटलं, नाटकं करतोय. माझा धाकटा दीर तो, घरातला लाडोबा. कामाला दांडी मारायला काहीही करेल!

रोह्याच्या दवाखान्यात सलाईन लागलं, ईसीजी झाला, दोनदा रक्त तपासलं. आमचे हे बाहेर बाकावर नखं कुरतडत बसले. बोलायचं काम नेहमी माझ्याकडेच.

"महेश काही हुंगतात का? रंग, थिनर?" बाईंनी विचारलं.

मी उसळलेच. "अहो, पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगाचा स्प्रे मारतो तो. थिनरचा वास येणारच ना! म्हणून काय नशेबाज झाला?"

"वैनी, भांडू नको गो," खाटेवरून महेश म्हणाला. "कामाचा नाय तो वास. फडक्यावर घेऊन हुंगतो मी."

त्या वासाचे शर्ट मी रोज चोळून चोळून धुवायची आणि म्हणायची, बिचारा किती राबतो.

बाईंनी समजावलं. थिनर हुंगून क्वचित एखाद्याच्या किडनीला रक्तातलं आम्ल बाहेर टाकता येत नाही. त्याला रीनल ट्युब्युलर अ‍ॅसिडोसिस म्हणतात. त्यात पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. "पाय परत येतील. पण पुन्हा हुंगलंत तर हृदय बंद पडू शकतं."

पाय आले. पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा मी त्याला एक धपाटा घातला आणि सगळ्या वॉर्डासमोर भोकाड पसरलं.

आता तो कारखान्यात फक्त मातीकाम करतो, समुपदेशनालाही जातो. तरी संध्याकाळी यायला जरा उशीर झाला की माझा जीव टांगणीला लागतो. पाय बरे झाले, पण ओढ जाते कुठे?

परवा भरदुपारी त्याचा फोन आला. "वैनी, बाजूला रंगकाम चाललंय. लय मन होतंय. मला न्यायला येतेस?"

"बाहेर रस्त्यावर येऊन उभा राहा. निघालेच मी."

तुमच्या घरच्या कुणाचा असा फोन आला तर ओरडू नका हो, आधी निघा. मी भाताखालचा गॅस बंद केला आणि मिळाली ती एसटी पकडली. कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं, तर आनंदाच्या भरात मी 'पेण'ऐवजी 'महेश' म्हणून बसले. त्यानं थिनर नव्हता उघडला, मला हाक मारली होती.