सैल हात

कासारीण आली की आमच्या ताईचा ओरडा चार घरांपलीकडे ऐकू जायचा. लग्नाचा चुडा भरताना तर तिने हात ओढला आणि हिरवी बांगडी पिचली. "हात सैल सोड गं, नाजूकराणी!" कासारमावशी हसली होती.

यंदा दिवाळीला मी हॉस्टेलवरून घरी आले, ताई सासरहून. मावशीने तिचा पंजा दाबून घट्ट बांगड्या चढवल्या. ताईने तो ओढून घेतला नाही. हात इतका सैल, जणू तिचा नव्हेच.

"दुखत नाही का गं आता?" मावशीने विचारलं.

"सवय झाली, मावशी."

"शहाणी झाली माझी पोर," आई म्हणाली.

सोसणाऱ्याचं आपण कौतुक करतो. सोसायला ती कुठे शिकली, हे विचारायचं मात्र राहूनच जातं. मावशीने पुढची बांगडी उचलली. आता तरी ताई ओरडेल, म्हणून मी वाट पाहत राहिले.