इनामाच्या टेबलावरचा पट्टा

माझ्याकडे कुस्तीच्या चॅम्पियनशिपचे तीन पट्टे होते. आता दोन आहेत. हे महागडे पट्टे जमवण्यात काही अर्थ आहे का, असं मला फार थोड्यांनी विचारलंय, कारण माझ्याकडे ते आहेत हेच फार थोड्यांना माहीत होतं. ऑफिसमध्ये तर कोणालाच नाही. ऐरोलीत आमच्या मजल्यावर साठेक माणसं बसतात आणि माझ्याबद्दल त्यांना एवढंच ठाऊक आहे की मी डबा वेळेवर खाते आणि वाढदिवसाचा केक कापताना मागे उभी राहते.

पट्टा म्हणजे टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीत जिंकणारा खांद्यावर टाकून मिरवतो तो. त्याची हुबेहूब नक्कल विकत मिळते. रुंद चामडं, त्यावर धातूच्या पाच पाट्या, मधली ताटलीएवढी, सगळ्यांना सोनेरी मुलामा, टोकांना टिचबटणं. उचलला की मनगटाला कळतं. माझा पहिला पट्टा बायकांच्या कुस्तीचा होता, पांढऱ्या चामड्याचा. नोकरीच्या पहिल्या वर्षात साठवलेल्या पैशांतून घेतला आणि घरी किंमत कमी सांगितली. किती कमी ते इथे लिहीत नाही, कारण आई हे वाचेल.

ठेवून ठेवून भाव वाढतो असं ज्यांना वाटतं त्यांना मी सरळ सांगते, नाही वाढत. उलव्यात एक गृहस्थ राहतात, त्यांच्याकडे काचेच्या कपाटात सोळा पट्टे आहेत. आमची ओळख फोनवरच्या एका ग्रुपमधली. ते म्हणतात, मूळ पेटी हवी, सर्टिफिकेट हवं आणि पट्टा कधी कमरेला लावलेला नसावा, तर गिऱ्हाईक येतं. आलं तरी निम्म्या भावाचं बोलतं. शिवाय आपल्याकडची हवा. खाडीचा दमटपणा चामड्याला सोसत नाही, पावसाळ्यात त्यावर हिरवट बुरशी धरते. म्हणून मी बुटांच्या खोक्यांत येतात त्या सिलिकाच्या पुड्या जमवून पेटीत टाकायचे आणि दर रविवारी पट्टा कोरड्या फडक्याने पुसायचे. दोन वर्षांत मी तो एकदाही कमरेला लावला नव्हता. मग घेतला कशाला, याचं उत्तर मला मराठीत पटकन सुचत नाही. इंग्रजीतही नाही.

बाबा साताऱ्याकडचे. गावच्या तालमीत वाढलेले, नंतर पस्तीस वर्षं वाशीच्या मार्केटमध्ये पोती वाहिली, आता घरी असतात. आम्ही पावणे गावात भाड्याने राहतो. घरमालक गावातलेच आगरी काका. त्यांची शेती एमआयडीसीत गेली, उरलेल्या जागेवर त्यांनी इमारत बांधली, तिच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही. गावच्या जत्रेत दरवर्षी कुस्त्या होतात. काका त्या कमिटीचे अध्यक्ष आणि बाबा पंच. त्यामुळे सगळं गाव बाबांना वस्ताद म्हणतं.

टीव्हीवरची कुस्ती मी लहानपणी बाबांच्या शेजारी बसूनच बघितली. ‘सगळं नाटक हाय,’ असं म्हणायचे आणि जाहिराती लागल्या तरी जागचे हलायचे नाहीत. पण पट्टा घरी आला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांवर तोलून बघितला आणि विचारलं, “जिंकला कुणी ह्यो?”

“कोणी नाही. विकत घेतला.”

“इकत?”

त्यांनी तो पेटीत परत ठेवला. दोन दिवस विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, “आमच्या तालमीत चांदीची गदा व्हती. कुणी इकत आणली असती, तर लोकांनी तिला मुसळ म्हटलं असतं.” आई हसली. मी पण हसले, आणि पुढचे दोन पट्टे त्यांना दाखवलेच नाहीत.

म्हणून यंदाच्या जत्रेआधी ते माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा मला नवल वाटलं. “तुझा त्यो पांढरा पट्टा एक दिवस देतीस? यंदा पयल्यांदाच पोरींच्या कुस्त्या हायत. मांडवात ठिवू. नुसता बघायला.” त्यांनी मागितला याचा मला आनंद झाला. तो मी दाखवला नाही, पेटी तेवढी काढून दिली.

कुस्त्या देवळासमोरच्या मैदानात होतात. मागे एका कारखान्याची उंच भिंत आहे, तिच्यावर माणसं ओळीने बसतात. टेम्पोतून आणलेली तांबडी माती, तिच्यात ताक, तेल, हळद कालवलेली. बाजूला मांडव आणि मांडवात इनामाचं टेबल. त्यावर कुकर, पंखे, स्टीलचे हंडे, पाकिटं, शेवटच्या कुस्तीसाठी गदा, आणि बरोबर मध्यभागी लाल कापडावर माझा पट्टा. कमिटीतली माणसं त्याच्याबरोबर फोटो काढून घेत होती.

काकांनी मधल्या पाटीवर नखाने टकटक केलं. “ह्यो सोन्याचा हाय का गो बाय?”

“नाही काका. वरून मुलामा आहे.”

“मंजे आमच्या सूनबायच्या बांगड्यांसारका.”

मागून त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, “त्या पन तुमीच आनलेल्या, मामा.” सगळे हसले. मी तेवढ्यात तिथून निघाले आणि देवळाच्या पायऱ्यांवर बायकांमध्ये जाऊन उभी राहिले.

मुलींची शेवटची कुस्ती चांगली झाली. निळ्या जर्सीतली मुलगी पनवेलकडची होती, सतराएक वर्षांची, बुटकी. बराच वेळ ती खाली सापडली होती. दुसरी तिच्या पाठीवर रेलून तिला फिरवायला बघत होती आणि ही मातीत बोटं रुतवून तशीच पडलेली. मग एकदम बाजूने निसटली, उठता उठता तिचा हात बगलेत धरला, ढाकेचा डाव टाकला आणि दुसरी पाठीवर. बाबांनी शिट्टी वाजवून निळीचा हात वर केला.

लाउडस्पीकरवर काका होते. “आन या कुस्तीसाठी आपले वस्ताद, यांच्या कन्येकडून, ह्यो मानाचा पट्टा…”

टाळ्या सुरू झाल्या. कोणाची कन्या ते मला कळायला थोडा वेळ लागला.

इनामाच्या टेबलावर जे असतं ते इनाम असतं. बघायला म्हणून तिथे कोणी काही ठेवत नाही आणि तिथली वस्तू कोणी घरी परत नेत नाही. पंचवीस वर्षं आखाड्यात पंच असलेल्या माणसाला हे माहीत नसेल असं नाही. बाबा मला नंतर म्हणाले, “मधली जागा मोकळी दिसत व्हती. शोभा यील म्हनून ठिवला.” काकांना वेगळं काही विचारायची गरजच पडली नाही. पट्टा टेबलावर होता, मुलींच्या कुस्त्या होत्या, पट्टा बायकांचा होता.

काका तो घेऊन आखाड्यात गेले आणि बाबांच्या हातात दिला. “वस्ताद, बांदा. तुमीच बांदा.”

बाबा पट्टा धरून उभे राहिले. मुलगी त्यांच्यासमोर, अंगभर माती, धापा टाकत. त्यांनी पायऱ्यांकडे बघितलं आणि एवढ्या बायकांत मला नेमकं शोधलं. मी नुसती मान हलवून नाही म्हटलं असतं तरी ते थांबले असते, याची मला खात्री आहे. पण सगळे माझ्याकडे बघायला लागले की मी जे नेहमी करते तेच केलं. खाली बघितलं.

त्यांनी तो तिच्या कमरेला लावला. टिचबटणं त्यांना जमेनात, म्हणून खांद्यावरचा पंचा काढून त्याने गाठ मारली.

थोड्या वेळाने ते शिट्टी दुसऱ्याकडे देऊन माझ्याकडे आले. “तू व्हय म्हनलीस न्हवं?”

“नाही. मी खाली बघितलं.”

“मी सांगतो तिला. म्हाताऱ्याची चूक झाली म्हनतो.”

“आखाड्यात अंगावर चढवलेलं कोणी उतरवत नाही, असं तुम्हीच सांगता ना?”

“सांगतो की. पन तुझं हाय ते.”

आणि ते खरंच निघाले. मैदानात चार-पाचशे माणसं होती. पंचाने जिंकलेल्या मुलीच्या कमरेचा पट्टा सोडवला असता, तर पुढच्या वर्षी त्यांना कोणी वस्ताद म्हटलं नसतं. मी म्हटलं, “थांबा. मी जाते.”

मी पट्टा परत मागायलाच गेले. हे स्पष्ट लिहिलेलं बरं. चालता चालता वाक्य आधी इंग्रजीत जुळवलं आणि मग मराठीत केलं: एक गैरसमज झालाय, तो फक्त प्रदर्शनासाठी होता, तुला दुसरं बक्षीस मिळेल. शेवटचा भाग मी मनानेच घातला होता.

मुलींना कपडे बदलायला शाळेतला एक वर्ग दिला होता. ती एकटीच बाकावर बसली होती. पंचा सोडून घडी करून शेजारी ठेवलेला, पट्टा मांडीवर. पांढऱ्या चामड्यावर तिच्या हाताचा तांबडा ठसा उमटला होता. ती बटणं दाबायचा प्रयत्न करत होती.

“ताई, ह्याचं बटण लागत नाही. बिघडलंय वाटतं.”

“बिघडलं नाही. मागून अंगठा लावायचा, मग दाबायचं.” मी तिच्याशेजारी बसून दाखवलं. बटणं घट्ट होती, कारण ती आजवर कोणी लावलीच नव्हती. दुसरं तिने स्वतः लावलं. मग बटणं सोडून, उभी राहून पट्टा कमरेला लावला, तो तिला सैल झाला, ती एका हाताने धरून उभी राहिली.

“पाण्यानं धुतला तर चालंल?”

“नाही. माती वाळू दे, मग कोरड्या फडक्याने पूस. आणि पावसाळ्यात पेटीबाहेर ठेवू नकोस.”

“तुमीच दिला ना? तुमी खेळता?”

“नाही. मी जमवते.”

“कशाला?”

तिने टोमणा मारला नव्हता. खरंच विचारलं होतं. “आवडतात,” मी म्हटलं. तिने मान डोलावली आणि पुन्हा बटणांकडे वळली. तयार केलेलं वाक्य तसंच राहिलं. मी पंचा उचलला आणि बाहेर आले.

कोणी याला मोठं मन म्हणू नये. त्या रात्री मी जेवले नाही आणि चार दिवस बाबांशी कामापुरतंच बोलले. मला त्यांचा राग होता, काकांचा होता, थोडा त्या मुलीचाही. उलव्याच्या गृहस्थांना कळवलं तर त्यांनी आधी विचारलं, “पेटी आणि सर्टिफिकेट तरी तुमच्याकडेच आहे ना?” होतं. पेटी टेबलाखालीच राहिली होती, ती मी घरी आणली होती. दुसऱ्या दिवशी बाबांनी मुलीच्या प्रशिक्षकाचा पत्ता शोधला आणि मी पेटी कुरियर केली, आत पुड्यांसकट. चामडं खराब होईल हे मला बघवलं नसतं.

आठवड्याने काका चहाला वर आले. जत्रा चांगली झाली, वर्तमानपत्रात फोटो आला, असं सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, “आता पुडच्या वर्सापासून बोर्ड रंगवून घेतो. मुलींची मानाच्या पट्ट्याची कुस्ती, वस्तादांच्या कन्येकडून. अजून दोन हायत ना गो तुज्याकडं? आई बोलली.”

आई ओट्याकडे वळली. बाबा कपात बघत बसले. मी स्वयंपाकघराच्या दारात होते.

“काका, ते दोन मी देणार नाही.”

“आगो, एका दिवसाचा तर प्रश्न हाय.”

“याही वेळी एकाच दिवसाचा होता.”

काका हसले. “वस्ताद, कॉन्वेंटची पोर बोलते की.”

“तो पट्टा मी दिला नव्हता,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. “तो चुकून गेला. तिच्याकडे आहे, तिच्याकडेच राहू दे. पण मी दिला असं बोर्डावर लिहू नका. मी जमवते ते माझ्यासाठी.”

काकांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी कप खाली ठेवला. “चूक माझी व्हती. तिनं नुसता बघायला दिलेला. टेबलावर मी ठिवला.”

“मंग ह्यो आता सांगता?”

“आता सांगतो.”

काकांनी बशीतलं एक बिस्कीट चहात बुडवलं. रागावले असतील असं वाटलं, पण ते मनात काही जुळवत होते. “मंग पोरींना पुडच्या वर्साला काय ठेवाचा? कुकर?”

“गदा ठिवा की,” बाबा म्हणाले. “पोरांना गदा, मग पोरींना कुकर कशाला?”

“दोन गदा कराव्या लागतील.”

“करा.”

“आन दुसरी कोनाकडून?” काकांनी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी या वेळी खाली बघितलं नाही. बाबांनी कप पुन्हा उचलला. खाली रस्त्यावर एक टेम्पो बराच वेळ रिव्हर्स घेत होता, त्याचा आवाज थांबेपर्यंत काका थांबले.

“बरा,” ते म्हणाले, “माज्याकडून लिवा.” आणि बशीतलं उरलेलं बिस्कीट उचललं.