अर्जातलं कुलूप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, पारावर रोज ज्यांच्याशेजारी बसतो त्यांनाही नाही. सांगायचं टाळत आलो, असंच म्हटलं पाहिजे. दोनदा कागदावर उतरवलं आणि दोन्ही वेळा चुलीत घातलं. आता वय शहात्तर आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं जाईल असं वाटतं. पाहू.

मी बोरीच्या अलीकडच्या एका गावात राहतो. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. गाव मला गुरुजी म्हणतं. घरची शेती आहे आणि शेतीसोबत वडिलांकडून आलेली एक बंदूक आहे — एक नळीची, बाहेर घोडा असलेली, पीक संरक्षणाच्या परवान्याची. आमच्याकडे रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, पिकात शिरतात. बंदुकीचा बार हवेत काढला की पळतात. एवढंच तिचं काम. माणसावर ती कधी कुणी रोखली नाही — हे मी आधीच का सांगतो आहे? स्वतःला वाचवायची सवय जात नाही, म्हणून.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. परवान्याच्या नूतनीकरणाला ठाण्यात गेलो तेव्हा तिथल्या जमादारांनी विचारलं, "गुरुजी, हत्यार ठेवता कुठं?" मी सांगितलं, घरात. ते म्हणाले, "घरात म्हंजे? बंद तिजोरीत पायजे. पक्की पावती आना, फाईलला लावतो."

म्हणून परभणीला गेलो. लोखंडी कपाटांच्या दुकानात बंदुकीसाठी उभी, अरुंद तिजोरी होती. आतून मखमल लावलेली, भिंतीला बोल्ट मारून बसवायची. मला आवडली. घरी मंडळींनी, म्हणजे माझ्या बायकोने, मधल्या खोलीतला कोपरा आधीच रिकामा करून ठेवला होता, धान्याचं पिंप तिथून हलवलं होतं. पण बिल करताना दुकानदाराने वर जीएसटी लावला. मी म्हटलं, कर कशाचा? ही चैनीची वस्तू आहे का? तो म्हणाला, "बिगर कराची पावती देत न्हाई गुरुजी, आन् बिगर पावतीचं ठान्यात चालत न्हाई."

मी उठलो. पैसे खिशात होते. हे नीट लक्षात घ्या — पैसे होते.

परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात अर्ज तयार झाला. शासन म्हणतं हत्यार कुलपात ठेवा, आणि कुलूप घ्यायला गेलं की त्यावर कर घेतं. सुरक्षिततेवर कर कसा काय? शेतकऱ्याच्या परवान्याच्या बंदुकीसाठी घेतलेल्या तिजोरीवर करमाफी मिळावी. मुद्दा चुकीचा होता का? मला आजही तो चुकीचा वाटत नाही. खरं दुखणं तिथंच आहे. खोटं एखाद्या वाईट कामासाठी बोललो असतो तर बरं झालं असतं.

आसपासच्या गावांतल्या परवानेधारकांना गोळा केलं, सह्या घेतल्या. "माफी मिळाली की सगळे मिळून घेऊ, तोवर कुणी घाई करू नका," असं मीच सांगितलं. लोक खूश झाले. आणि ठाण्याच्या फाईलसाठी मी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं — हत्यार लोखंडी कपाटात, कुलूपबंद. पावतीचं जमादार विसरले, मीही आठवण करून दिली नाही. बंदूक पूर्वीसारखीच दाराआडच्या खुंटीला.

आता तुळशीराम.

तुळशीराम माझा विद्यार्थी. चौथीपर्यंत शिकला. पाढे त्याला कधी आले नाहीत, पण फळा इतका स्वच्छ पुसायचा की दुसऱ्या कुणाला मी फडकं देत नसे. मोठा झाल्यावर तो आणि त्याची बायको केवळाबाई दर साल दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जात. कारखान्यावर नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात — एकाने तोडायचं, एकाने मोळ्या बांधायच्या. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंत तो माझ्याकडे कामाला असे. तेव्हा त्याचं वय चाळिशीच्या पुढे होतं. थट्टेखोर होता. मी औत धरलं की म्हणायचा, "गुरुजी, तास वाकडं चाललंय. छडी आनू का?"

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी अवजारं आणि हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडतात. विळे, कुऱ्हाडी, फाळ, कोयते. तुळशीराम आपले दोन्ही कोयतेही आमच्याच पूजेला आणायचा. त्यांच्या मधोमध बंदूक. हळदकुंकू, झेंडूची माळ. आणि एकदा पूजा मांडली की दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत त्यातलं काहीही हलवायचं नाही. विळासुद्धा लागला तर शेजाऱ्याचा मागून आणायचा. वडिलांनी हे पाळलं, मीही पाळलं. म्हणजे दोन दिवस बंदूक ओसरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या समोर.

त्या वर्षी आदल्या संध्याकाळी मक्यात डुकरं आली होती. मी बंदूक भरून बांधावर गेलो. डुकरं आधीच पांगली होती, बार काढायची वेळ आली नाही. घरी आलो. नवमीला सकाळी मी तिला वरवर तेलाचा हात फिरवला, नळी पुसली, पाटावर ठेवली.

उघडून पाहिली नाही. काडतूस आतच होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीराम अवजारं उचलायला आला. मी खाटेवर चहा घेत होतो. फाळ गेले, कुऱ्हाडी गेल्या. बंदुकीपाशी येऊन तो थांबला, कारण तिला माझ्याशिवाय कुणी हात लावत नसे. मी बसल्या जागेवरून म्हणालो, "ती पण ने की आत." कप खाली ठेवायचाही मला कंटाळा आला होता. त्याने नळीच्या तोंडापाशी डावा हात घातला आणि ओढली. घोडा पाटाच्या कडेला अडकला असावा; बार उडाला.

डाव्या हाताची तीन बोटं गेली.

जीपमध्ये मी त्याच्याशेजारी बसलो होतो. परभणीच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत धोतराचं सगळं टोक भिजलं. त्या वाटेत मी काय विचार करत होतो, सांगू? त्याच्या हाताचा नाही. मी फाईलला लिहून दिलेल्या त्या एका ओळीचा — कुलूपबंद.

पट्ट्या बांधून त्याला खाटेवर आणलं तेव्हा केवळाबाई बाहेर औषधाला गेली होती. मी वाकून त्याला म्हणालो की परवाना जाईल, माझ्यावर गुन्हा होईल, म्हातारपणी कोर्टाची पायरी चढावी लागेल. दवाखान्याचं सगळं मी बघतो. तू फक्त एवढं सांग की बंदूक कपाटात होती, किल्ली तुला ठाऊक होती, आणि डुकरं हाकायला तू न विचारता काढलीस.

तो गुंगीत होता. मग म्हणाला, "लय ठनकायलंय, गुरुजी." आणि थोड्या वेळाने, "काय म्हनायचं ते एकदा नीट सांगा. मी तसंच म्हनतो."

मी त्याला सांगितलं. दोनदा म्हणवून घेतलं — वर्गात कविता म्हणवून घ्यावी तसं. ठाण्याचा माणूस आल्यावर त्याने एकही शब्द चुकवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं पाठांतर बिनचूक होतं, आणि ते मी करून घेतलेलं होतं.

पंचनाम्याला घरी लोक आले तेव्हा मी मंडळींचं लुगड्यांचं लोखंडी कपाट दाखवलं. त्यांनी पाहिलं, लिहून घेतलं. तुळशीरामवर तक्रार करायची का, असं मला विचारलं. मी म्हणालो, नको, गरीब आहे, जाऊ द्या. अपघात म्हणून नोंद झाली. गावात माझ्या मोठ्या मनाची चर्चा झाली. मी ती ऐकून घेतली. मंडळी चुलीपाशी बसून होत्या. त्या मला एवढंच म्हणाल्या, "कोपरा अजून रिकामाच हाय." पुढे चार वर्षं जगल्या, पण हा विषय परत काढला नाही.

इथं थांबलो असतो तरी ते पाप होतंच. मी थांबलो नाही.

करमाफीच्या पहिल्या अर्जाला उत्तर आलं नव्हतं. सह्या करणारे विचारू लागले, गुरुजी, पुढं काय? दुसरा अर्ज लिहायला बसलो. तो जोरकस व्हायला हवा होता. एखादं उदाहरण हवं होतं, आणि उदाहरण माझ्या घरातच घडलेलं होतं. पण तुळशीरामने दिलेला जबाब अर्जाला पुरेसा नव्हता. किल्ली ठाऊक असणाऱ्याने कपाट उघडलं, यात तिजोरी कशाला लागते? साधं कपाट कमजोर असतं, हे दिसायला हवं होतं. म्हणून मी लिहिलं — "साध्या कपाटाचे कुलूप तोडून एका मजुराने बंदूक बाहेर काढल्यामुळे गंभीर अपघात घडला. करमाफीअभावी शेतकरी पक्की तिजोरी घेऊ शकत नाहीत, त्याचा हा परिणाम आहे."

कुलूप तोडून. दोन शब्द. वाक्याला वजन यावं म्हणून घातले. मी भाषा शिकवलेला माणूस, वजन कुठं येतं ते मला कळतं.

तो अर्ज मी देवळाच्या सभामंडपात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. तुळशीराम खांबाला टेकून बसला होता, डावा हात उपरण्यात गुंडाळलेला. ते वाक्य जवळ येत होतं आणि मला ते दिसत होतं. गाळता आलं असतं. एक श्वास घेऊन पुढच्या ओळीवर जाता आलं असतं — कुणाला कळलं असतं? मी गाळलं नाही. वाचलं, आणि आवाज चढवून वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानेही उजवा हात मांडीवर दोन-तीनदा आपटला.

बाहेर पडताना कुणीतरी त्याला म्हणालं, "काय रे तुळशा, कुलुपं बी तोडाया लागलास व्हय?" हशा पिकला. तोही हसला. माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या साली उसाला केवळाबाई एकटीच भावाच्या टोळीबरोबर गेली, अर्धा कोयता म्हणून. हा गावात राहिला. एका हाताच्या माणसाला करता येण्याजोगं काम म्हणजे शेताची राखण, खळ्यावर निजणं. पण ज्याने गुरुजींचं कुलूप तोडलं, त्याच्या भरवशावर सोयाबीनची पोती कोण टाकणार? एकाने तर माझ्याकडे येऊन विचारलं, "ठेवावं का वो ह्याला राखनीला?" मी म्हणालो, तुमचं तुम्ही बघा. नाही म्हणालो नाही. हो म्हणायला मात्र तोंड उघडलं नाही — कारण 'हो' म्हटलं तर अर्ज खोटा ठरत होता.

तुळशीरामच्या मुलालाही शाळेत पोरं बापाच्या नावाने चिडवत, हे मला उशिरा कळलं. वर्षाच्या आत ते कुटुंब गाव सोडून गंगाखेडकडे, केवळाबाईच्या माहेरी गेलं. त्यानंतर महिनाभरात मी परभणीहून ती तिजोरी आणली. पूर्ण कर भरून, पक्की पावती घेऊन. काही बिघडलं नाही. त्या महिन्यातही घरात दोन वेळा चूल पेटली.

लुगड्यांच्या कपाटाचं कुलूप आजही शाबूत आहे. इतक्या लोकांनी तो अर्ज वाचला, ऐकला. दाखवा गुरुजी तुटलेलं कुलूप, असं कुणी एकानेही म्हटलं नाही. गुरुजी कशाला खोटं लिहितील?

गेल्या वर्षाच्या आधीच्या उन्हाळ्यात मी गंगाखेडला गेलो. एकटा, एसटीने. वाटेत एक वाक्य मनात जुळवलं, ओठ हलवत म्हणून पाहिलं. शेजारच्या बाईंना वाटलं मी स्तोत्र म्हणतो आहे, त्यांनी पिशवी सरकवून जागा दिली.

तो झाडाखाली बसून उजव्या हाताने आणि पायाच्या अंगठ्याने दोरी वळत होता. म्हातारा दिसत होता, माझ्याहून म्हातारा. मला पाहून उठला, पाया पडला. केवळाबाईने चहा केला. मका कसा आहे, पाऊस केव्हा येईल, मंडळी गेल्याचं कळलं होतं — असं सगळं बोलून झालं. मग त्याने सरळ मनाने विचारलं, "आन् गुरुजी, ते झालं का? कर माफ झाला का तिजोरीवरचा?"

टोमणा नव्हता. असता तर मला बोलता आलं असतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आपल्या नावाने जे मागितलं होतं ते मिळालं का, एवढंच.

मी म्हणालो, "नाही. अजून नाही."

"व्हईल," तो म्हणाला. "तुमी लिवलंय म्हंजे व्हईल."

मी चहा संपवला. परतीची गाडी चारची होती, असं म्हणून उठलो. गाडी साडेपाचची होती. सव्वा तास स्टँडवरच्या बाकावर बसून राहिलो. त्याचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर होतं.

या माघात तो गेला. मला दहाव्यानंतर कळलं.

बसमध्ये जुळवलेलं वाक्य हे होतं — तुळशीराम, बंदूक मी उघड्यावर ठेवली, काडतूस मी आत विसरलो, उचलायलाही मीच सांगितलं; तू काही तोडलं नाहीस, चोरलं नाहीस, आणि हे मी देवळात उभा राहून, अर्ज वाचला त्याच आवाजात सांगणार आहे. मला माफ कर, असं त्याच्या शेवटी होतं.